‘थोडी घेतली तर अंग मोकळं होतं’ : भरतीच्या पोरांना फिरणाऱ्या मेसेजला उत्तर

गेल्या महिनाभरात एकच मेसेज मला चार ग्रुपवरून आला. दोन ग्रुप पोलीस भरतीचे, एक तालमीचा, एक गावचा. मजकूर असा : “ग्राउंड मारून आल्यावर थोडी घेतली तर अंग मोकळं होतं, झोप गाढ लागते. सकाळी दोन राऊंड मारले की घामावाटे सगळी निघून जाते. बिअर तर जवाची, ताकदीची. जर्मनीचे खेळाडू ऑलिंपिकला बिअर पितात. थंडीत रम अंग गरम ठेवते. फिजिकलच्या आधी एक झाकण घेतलं की भीती जाते. वाडानंसुद्धा (खेळांतल्या उत्तेजक द्रव्यांवर लक्ष ठेवणारी जागतिक संस्था) दारूवरची बंदी उठवली. जुने पहिलवान घेऊनच कुस्त्या मारायचे.”

मी बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी पहाटे भरतीच्या पोरांचं धावणं घेतो. यातली बरीच पोरं ऊसतोडीच्या घरची. आईबाप दिवाळीनंतर कोयता घेऊन कारखान्याला जातात, पोरगं आजीजवळ राहून ग्राउंड करतं. त्या पोराच्या मोबाईलवर हा मेसेज येतो याचा मला राग आहे.

सगळ्यात आधी ‘थोडी’ म्हणजे किती, ते मोजू. १८० मिलीच्या क्वार्टरवर ४२.८ टक्के असं छापलेलं असतं. वजनात काढलं तर त्यात शुद्ध अल्कोहोल साधारण ६० ग्रॅम. आठ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरच्या ६५० मिलीच्या बाटलीत ४० ग्रॅम. भरती करणाऱ्या पोराचं वजन साठ किलोच्या आसपास. म्हणजे एक क्वार्टर त्याला किलोमागे एक ग्रॅम पडते. हा आकडा लक्षात ठेवा.

न्यूझीलंडच्या मॅसी विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१० साली नेमका हाच हिशोब तपासला. अकरा पुरुषांकडून मांडीच्या स्नायूंना पार दमवणारी तीनशे आवर्तनं करून घेतली. नंतर एकदा नुसता संत्र्याचा रस दिला, आणि दुसऱ्या वेळी दुसऱ्या पायाला तोच व्यायाम देऊन रसात व्होडका मिसळली, किलोमागे एक ग्रॅम. छत्तीस तासांनी ताकद मोजली. नुसत्या रसावर ती १२ ते २८ टक्के उतरलेली होती, तेवढी थकव्यानं उतरणारच. व्होडकावर ती ३४ ते ४५ टक्के उतरली. छत्तीस तास म्हणजे शनिवारी संध्याकाळी व्यायाम करून रात्री क्वार्टर मारली, तर थेट सोमवार पहाटेचं ग्राउंड.

त्याच संशोधकांनी नंतर निम्म्या मापावर प्रयोग केला, तेव्हा फरक दिसला नाही. हेही सांगितलंच पाहिजे. साठ किलोच्या पोराला निम्मं माप म्हणजे नव्वद मिली. नव्वदनं पाय गळून पडतात असं मी म्हणणार नाही. पण कंदुरीचं, म्हणजे नवसाच्या जेवणाचं, मटण झाल्यावर चारजण शेताच्या बांधावर बसतात तेव्हा नव्वदवर कोण उठतं? फोडलेली क्वार्टर संपते, मग दुसरी येते. मेसेजमधली ‘थोडी’ आणि बांधावरची ‘थोडी’ यांत हे अंतर आहे, आणि आमच्या पोरांचं नुकसान त्या अंतरातच होतं.

कुणी म्हणेल, सोबत अंडी खाल्ली, दूध प्यालं की भरून निघेल. २०१४ साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी व्यायामानंतर आठजणांना किलोमागे दीड ग्रॅम अल्कोहोल दिलं, म्हणजे आपल्या हिशोबात दीड क्वार्टर. स्नायू नवी प्रथिनं किती वेगानं बांधतात ते मोजलं. नुसती प्रथिनं घेतली तेव्हाच्या तुलनेत, प्रथिनं आणि दारू दोन्ही घेतल्यावर हा वेग २४ टक्के घसरला. प्रथिनांऐवजी कर्बोदकं घेऊन दारू प्याल्यावर ३७ टक्के. घाम गाळून जे कमावायचं, त्याचा पाव हिस्सा अंडी खाऊनसुद्धा हाती लागत नाही.

मग अंग मोकळं झाल्यासारखं का वाटतं? दुखणं कळेनासं होतं म्हणून. पोटरीत चमक भरली असेल तर ती तिथंच असते, सांगणारी जाणीव तेवढी मुकी होते. वर कुणी त्यावर दुखण्याची गोळी घेतं. दारू आणि अशी गोळी एकत्र पोटात गेली की जठरातून रक्तस्रावाचा धोका वाढतो.

आता घामाचा मुद्दा. मला यातला सगळ्यात घातक हाच वाटतो, कारण तो ऐकून पोरं रात्री पिऊन पहाटे पळायला येतात. घाम, श्वास आणि लघवी मिळून दारूचा दोन ते दहा टक्केच भाग बाहेर पडतो. बाकी सगळं यकृताचं काम, आणि यकृत तासाला साधारण सात ते दहा ग्रॅमच फोडतं. पळल्यानं ते घाई करत नाही, लिंबूपाण्यानं नाही, थंड पाण्याच्या अंघोळीनंही नाही. साठ ग्रॅमला सहा ते साडेआठ तास. रात्री दहा-अकराला प्यायलेलं पोरगं पाचला माझ्यासमोर वॉर्मअप करत असतं, तेव्हा बऱ्याचदा ती रक्तातच असते.

त्यातच पाण्याची गोष्ट. शरीरात पाणी धरून ठेवणारं एक संप्रेरक आहे, त्याला दारू दाबून टाकते. म्हणून रात्री चारदा उठावं लागतं. पोरगं कोरडं पडूनच मैदानावर येतं. मराठवाड्यात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार जातो, सातलाच ऊन चटका देतं. शिवाय यकृत दारू फोडण्यात गुंतलेलं असलं की रक्तात नवी साखर सोडण्याचं त्याचं काम मंदावतं. उपाशीपोटी पळणाऱ्याच्या डोळ्यांपुढं अंधारी येते ती यामुळंही. मागच्या हिवाळ्यात माझं एक चांगलं पळणारं पोरगं कंदुरीच्या दुसऱ्या दिवशी तिसऱ्या राऊंडला खाली बसलं. “सर, पित्त झालं,” म्हणालं. मी त्याला सावलीत बसवून मीठ-साखरेचं पाणी पाजलं. खरं काय ते त्यानं आठवड्यानं सांगितलं.

पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीत १६०० मीटर धावण्याला पन्नासपैकी वीस मार्क आहेत. टायमिंगचा टप्पा घसरला की मार्क घसरतात, आणि मेरिट एकेका मार्कावर अडतं. सेकंदाची किंमत आमच्या जिल्ह्याला वेगळी सांगायला नको. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळेचं २०२२च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेतलं स्टीपलचेसचं (अडथळ्यांच्या शर्यतीचं) सुवर्ण ०.०५ सेकंदानं हुकलं.

झोप लवकर लागते, हे खरं आहे. पण मध्यरात्रीनंतर तीच झोप तुटत राहते, स्वप्नांची झोप कमी होते, आणि रात्री स्रवणारं वाढीचं संप्रेरकही घटतं. चारचा अलार्म लावणाऱ्या पोराला मिळते ती पाच-सहा तासांची झोप. तिचाच उत्तरार्ध नासतो.

जर्मनीच्या गोष्टीत एक खरा धागा आहे. २०१८च्या प्याँगचँग हिवाळी ऑलिंपिकमध्ये जर्मन खेळाडूंना बिअर पुरवली गेली होती, पण बिनअल्कोहोलची. त्याआधी २००९च्या म्युनिक मॅरेथॉनच्या धावपटूंवर एक अभ्यास झाला होता, त्यातही बिनअल्कोहोलचीच बिअर होती. ती पिणाऱ्यांना शर्यतीनंतर सर्दी-खोकला कमी झाला. आपल्यापर्यंत येता येता ‘बिनअल्कोहोल’ हा शब्द वाटेत गळला आणि उरली बिअर. साध्या बिअरचं म्हणाल तर १९९७ साली घाम गाळून कोरडं पडलेल्यांवर प्रयोग झाला. चार टक्क्यांच्या पेयानं पाणी भरून यायला उशीर लागला. आपली स्ट्राँग तर त्याच्या दुप्पट. आणि जव म्हणजे आपला सातू. त्यातली साखर यीस्ट खातं तेव्हाच दारू होते. ताकद हवी तर सातूचं पीठ दुधात कालवून खा.

थंडीचं थोडक्यात. रमनं कातडीखालच्या रक्तवाहिन्या फुगतात, अंग गरम लागतं, पण आतली ऊब त्याच वाटेनं बाहेर जाते. परभणीला पारा एक आकडी असताना पहाटे मैदानावर उभं राहायचं तर स्वेटर घाला आणि वॉर्मअप लांबवा.

‘एक झाकण घेतलं की भीती जाते’ हे १९६८च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये स्वीडनच्या हान्स-गुन्नार लिलियेनवालनंही करून पाहिलं. आधुनिक पेंटॅथलॉनमध्ये (पाच खेळ मिळून एक स्पर्धा) पिस्तूल चालवण्याआधी हात स्थिर राहावा म्हणून त्यानं बिअर घेतल्याचं सांगितलं. तपासणीत तो सापडला, डोपिंगसाठी बाद झालेला ऑलिंपिकमधला पहिला खेळाडू ठरला आणि त्याच्या संघाचं कांस्य गेलं. १६०० मीटर पळणाऱ्याला तर हात स्थिर ठेवायचाही नसतो.

वाडानं जानेवारी २०१८पासून दारू प्रतिबंधित यादीतून काढली, हे बरोबर आहे. पण त्याआधीही ती बंदी फक्त चार खेळांत होती : तिरंदाजी, हवाई खेळ, मोटार शर्यती आणि पॉवरबोट. हे काम त्या त्या खेळाच्या संघटनांनी आपल्या नियमांनी करावं असं ठरलं. दारूनं कामगिरी सुधारते की बिघडते, हा त्यात प्रश्नच नव्हता.

राहिले जुने पहिलवान. शर्यतीत दारू पाजण्याची रीत एके काळी होती. १९०४च्या सेंट लुईस ऑलिंपिकमध्ये थॉमस हिक्स या मॅरेथॉन धावपटूला वाटेत ब्रँडी आणि कुचल्याचं विष स्ट्रिक्निन देत नेलं. तो जिंकला, पण शेवटी माणसांनी आधार देऊन, आणि मरता मरता वाचला. आपल्याकडं म्हणाल तर मी ज्या वस्तादांच्या हाताखाली माती अंगाला लावली, ते तोंडाला वास आला तर आखाड्यात पाय ठेवू देत नसत. खुराक म्हणजे दूध, तूप, बदाम, थंडाई. काही नामांकित मल्ल दारूला लागले, नाही म्हणत नाही. त्यातले मी पाहिले ते कुस्ती सुटल्यावर लागले, आणि त्यांचे शेवटचे दिवसही मी पाहिलेत.

हा मेसेज वाचणाऱ्यांत काहीजण असेही असतील, ज्यांना रोज घेतल्याशिवाय झोप येत नाही आणि सकाळी हात थरथरतात. त्यांनी माझं वाचून आजच एकदम बंद करू नये. रोजची सवय अचानक तोडली तर झटके येऊ शकतात, जिवावर बेतू शकतं. आधी डॉक्टरांना दाखवा. व्यसनमुक्तीसाठी सरकारचा मोफत फोन आहे, १४४४६. आणि एवढं करून पहाटे मैदानावर यायचं असेल तर या, पहिले पंधरा दिवस नुसतं चालायला लावीन.