चाळिशीतला गरुड चोच फोडत नाही

"गरुड ७० वर्षं जगतो. चाळिशीला त्याची चोच वाकते, नखं लांबून निकामी होतात, पंख जड होऊन छातीला चिकटतात. मग तो उंच कड्यावर जातो. खडकावर आपटून चोच फोडतो. नवी चोच आली की तिने नखं उपटतो, नवी नखं आली की पिसं उपटतो. १५० दिवसांच्या या यातनांनंतर त्याचा पुनर्जन्म होतो आणि तो आणखी ३० वर्षं जगतो."

हा मजकूर ज्यावर आला नाही असा मराठी घरातला फोन बडोद्यात सापडणं कठीण. ज्येष्ठांच्या गटांवर तो भल्या सकाळी येतो, व्याख्यानांत येतो, शाळेच्या बक्षीस समारंभात पाहुणे तो तोंडपाठ सांगतात. निवृत्तीनंतर खचलेल्या माणसाला धीर यावा म्हणून कुणी तो पाठवतं, आणि त्या पाठवण्यामागची माया खरी असते. मजकूर मात्र पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत चुकीचा आहे. शिकारी पक्ष्यांवर माझा जीव आहे, म्हणून त्यातलं एकेक विधान घेऊन उत्तर देतो.

आधी सोबतचं चित्र. ते बहुतेक वेळा पांढऱ्या डोक्याच्या, पिवळ्या चोचीच्या पक्ष्याचं असतं. तो बाल्ड ईगल, उत्तर अमेरिकेतला. भारतात तो राहत नाही. बडोद्याच्या आकाशात बारा महिने दिसते ती घार; शेजारचे गुजराती तिला समडी म्हणतात. शेपटीला मध्ये खाच दिसली की ती घार, गरुड नव्हे. खंडेराव मार्केटवर घिरट्या घालणाऱ्या पक्ष्याकडे बोट दाखवून मुलांना "तो बघ गरुड" सांगणाऱ्यांनी आधी शेपटी बघावी. सयाजीबागेत झाडांमधून सुळकन निघून जाणारा, आखूड पंखांचा आणि लांब शेपटीचा तो शिक्रा. शेताकडेच्या तारेवर बसलेला, पांढरा-राखाडी, खांद्यावर काळा पट्टा आणि लाल डोळे असलेला तो कापशी. उंदीर दिसला की हवेत एका जागी पंख फडफडवत थांबतो. सापमार गरुड माळावर दिसतो: डोकं घुबडासारखं मोठं, डोळे पिवळे, खालून पाहिला तर जवळजवळ पांढरा. हिवाळ्यात डभोईजवळच्या वढवाणा तलावावर जा. सयाजीराव महाराजांच्या काळात सिंचनासाठी बांधलेल्या या तलावाला २०२१ साली रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा हा मान, मिळाला. पाय पुढे काढून पाण्यात झेपावणारा आणि मासा घेऊन वर येणारा ऑस्प्रे तिथे दिसतो. पंख किंचित वर उचलून बोरूच्या बेटावरून संथ तरंगणारा भोवत्या दिसतो, आणि त्याची सावली पडताच कूट या काळ्या पाणपक्ष्यांचा अख्खा थवा एकत्र गोळा होतो. नशीब असेल तर मोठा ठिपकेदार गरुडही दिसतो.

यांतल्या कुणाचं वजन २०० ग्रॅमच्या आत, कुणाचं २ किलोच्या घरात. कुणी साप खातो, कुणी मासे, कुणी सरडे आणि टोळ. प्रत्येकाचं आयुष्य वेगळं, पिसं बदलण्याची रीत वेगळी. मजकुरातला 'गरुड' यांपैकी कोण, हे लिहिणाऱ्याने कधीच सांगितलेलं नाही. पक्षी बघणारा माणूस पहिला प्रश्न हाच विचारतो.

"७० वर्षं जगतो." रानातल्या पक्ष्याचं वय अंदाजाने सांगत नाहीत. पिल्लू घरट्यात असताना पायात क्रमांकाची धातूची कडी घालतात; पुढे तो पक्षी जिवंत किंवा मेलेला सापडला की हिशोब लागतो. चित्रातल्या बाल्ड ईगलचा रानातला विक्रम ३८ वर्षांचा आहे. १९७७ साली न्यूयॉर्क राज्यात कडी घातलेला तो पक्षी २०१५ साली त्याच राज्यात गाडीची धडक बसून मेला. सोनेरी गरुडाची अशी नोंद ३२ वर्षांच्या आसपास जाते. पिंजऱ्यात, रोजचं अन्न आणि औषधपाणी मिळाल्यावर, मोठे गरुड पन्नाशीजवळ पोहोचतात. बहुसंख्य पिल्लं तर पहिल्या काही वर्षांतच मरतात. म्हणजे ज्या वयात पुनर्जन्माचा निर्णय घ्यायचा, त्या वयापर्यंत या जातीचा कडीवाला पक्षी रानात पोहोचल्याची नोंदच नाही. आणि ३८ वर्षांचा तो म्हातारा शेवटपर्यंत मोकळ्या आकाशात जगत होता, म्हणजेच आपलं पोट भरत होता, स्वतःच्या चोचीने.

"चोच वाकते, मग तो ती फोडतो." शिकारी पक्ष्याची चोच जन्मापासूनच आकडीसारखी असते, मांस फाडायला तशीच लागते. आत हाड, त्यात रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू, आणि वरून केराटिनचं वेष्टन. आपली नखंही याच द्रव्याची. हे वेष्टन आयुष्यभर वाढत राहतं आणि आयुष्यभर झिजतही राहतं. हाडावरून मांस ओढताना झिजतं, खाऊन झाल्यावर फांदीवर चोच घासताना झिजतं. हे घासणं बघायला कड्यावर जायला नको. गच्चीतून घार न्याहाळा, उंदीर संपवल्यावर ती चोच एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने फांदीवर घासते. अशी झीज रोज होत असल्याने निरोगी पक्ष्याची चोच चाळिशी गाठायची वाट बघत वाढत बसत नाही. पिंजऱ्यात नुसतं मऊ मांस मिळणाऱ्या पक्ष्याची चोच वाढते खरी, किंवा एखाद्या आजारात वाढते. मग सांभाळणारे लोक ती कानशीने जपून घासून देतात. टोकाचा टवका उडाला तर तो भरून येतो. हाडासकट तुटलेली चोच मात्र पुन्हा उगवून पहिल्यासारखी होत नाही.

याचा पुरावा एका जिवंत पक्ष्याने दिलेला आहे. २००५ साली अलास्कात ब्युटी नावाची बाल्ड ईगल मादी सापडली. कुणीतरी गोळी घालून तिच्या वरच्या चोचीचा मोठा भाग उडवला होता. मजकुराच्या हिशोबाने तिला पाच महिन्यांत नवी चोच यायला हवी होती. प्रत्यक्षात ती उपासमारीने मरणपंथाला लागली होती. तिला खाता येईना, पाणी पिता येईना, चोचीने पिसं साफ करता येईनात. माणसांनी हाताने भरवून तिला जगवलं, आणि अखेर २००८ साली आयडाहो राज्यात अभियंत्याच्या मदतीने त्रिमितीय छपाई करून तिला कृत्रिम चोच बसवली.

नखांचंही तेच. आत हाड, वर वेष्टन, रोजची वाढ आणि रोजची झीज. मुळापासून उपटलं तर रक्तस्राव होतो, जंतुसंसर्ग होतो, आणि शिकारी पक्षी भक्ष्य पकडतो ते पायाने. नखं गेलेला गरुड उपाशी राहतो, एवढंच.

त्यातूनच पुढचं विधान कोसळतं. "१५० दिवस." या पाच महिन्यांत तो खातो काय? आधी चोच नाही, मग नखं नाहीत, मग पिसं नाहीत. ४-५ किलोच्या सोनेरी गरुडाला दिवसाला साधारण पाव किलो मांस लागतं. मोठे गरुड पोटभर शिकार झाली की काही दिवस उपाशी काढतात, पण पाच महिने कुणी काढत नाही. शिक्र्याएवढा पक्षी तर काही दिवसांतच कोसळतो. आणि नवी चोच, नवी नखं, नवी पिसं हे सगळं प्रथिनांपासून बनतं. उपाशी शरीर ती आणणार कुठून?

आता पिसं. इथे थोडं थांबावंसं वाटतं, कारण खरी गोष्ट खोट्या गोष्टीपेक्षा कितीतरी सुंदर आहे.

उडण्याची मोठी पिसं नुसती कातडीत रोवलेली नसतात. ती पंखातल्या हाडांना घट्ट बांधलेली असतात. जबरदस्तीने उपटली तर रक्त येतं, आणि मूळ दुखावलं तर तिथे पुन्हा पीस येईलच असं नाही. पिसं जुनी होतात हे खरं: ऊन, धूळ, फांद्यांचा मार. म्हणून पक्षी ती बदलतो, पण चाळीस वर्षांनी एकदा नव्हे. शिक्र्यासारखे छोटे शिकारी पक्षी साधारण दरवर्षी सगळी पिसं बदलतात. मोठ्या गरुडाला सगळी पिसं एका वर्षात बदलून होत नाहीत. काही यंदा, काही पुढल्या वर्षी, अशी ती साखळी आयुष्यभर चालू राहते. एक पीस गळतं, त्याच जागी नवं वाढू लागतं, ते पुरेसं वाढलं की पुढचं गळतं. डाव्या पंखातलं जे पीस गेलं, साधारण तेच उजव्यातलंही जातं, म्हणून तोल ढळत नाही. आपल्या पुराणातला गरुड अमृतकलश घेऊन निघाला तेव्हा इंद्राने त्याच्यावर वज्र टाकलं. वज्राचा मान राखायला त्याने एकच पीस टाकलं आणि उडत राहिला. रानातला गरुडही असाच वागतो. पिसं बदलण्यासाठी तो एक दिवसही उडणं सोडत नाही.

उडण्याची सगळी पिसं एकदम टाकणारे पक्षी आहेत, पण ते शिकारी नाहीत. हिवाळ्यात वढवाण्याला येणारी बहुतेक बदकं आपल्या उत्तरेकडच्या मुलखात उन्हाळ्यात काही आठवडे उडू शकत नाहीत. पाण्यात राहतात, खात राहतात. आणि राखी धनेश तर बडोद्याच्याच जुन्या झाडांवर आहे. त्याची मादी ढोलीत स्वतःला लिंपून घेते आणि आत उडण्याची पिसं टाकते. बाहेरून नर तिला वड-पिंपळाची फळं एका फटीतून भरवत असतो, म्हणून ती जगते. कुणाला कोंडून घेण्यातली तपश्चर्याच बघायची असेल तर ती इथे आहे, आणि ती दोघांची आहे.

हाच पिसांचा क्रम ओळखायला शिकलात तर दुर्बिणीतून दिसणारा पक्षी बरंच सांगतो. स्टेप गरुडाचं पहिल्या वर्षाचं पिल्लू बघा: सगळी पिसं एकाच वेळी उगवलेली, म्हणून पंखाची मागची कड एकसारखी आणि पांढरी, पंखाखाली रुंद पांढरा पट्टा. दोन-तीन वर्षांचा झाला की कड दातेरी होते, जुनी फिकी पिसं आणि नवी गडद पिसं शेजारी शेजारी दिसतात. आणखी वर्षं गेली की पांढरा पट्टा मावळतो. एका नजरेत वयाचा अंदाज बांधता येतो. दुसरी खूण त्याहून उपयोगाची. दोन्ही पंखांत एकाच जागी फट असेल आणि त्यात आखूड, नीट टोकाचं पीस वाढताना दिसत असेल तर ती पीसगळ. एकाच पंखात फट असेल, पिसांचे दांडे मध्येच मोडलेले असतील, तर तो अपघात.

मग ही गोष्ट आली कुठून? पक्षिशास्त्राच्या शोधातून नक्कीच नाही. म्हातारपणी गरुडाची वरची चोच वाढत जाऊन तो उपाशी मरतो, असं ॲरिस्टॉटलने इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात लिहून ठेवलं. पुढे ख्रिस्ती धर्मपंडितांनी त्यात तारुण्य परत मिळण्याचा भाग जोडला. संत ऑगस्टिनच्या प्रवचनात गरुड खडकावर चोच घासून तो अडथळा दूर करतो. तिथे ते श्रद्धेचं रूपक होतं. आज तेच रूपक वर्षांचे आणि दिवसांचे आकडे लावून निसर्गाची माहिती म्हणून फिरतं.

शेवटचं विधान मजकुरात नसतं. कुणी चूक दाखवली की ऐकू येतं. "खरं-खोटं सोडा हो, प्रेरणा मिळते ना?" बडोद्यात राहून हे मला मान्य करता येत नाही. १४ आणि १५ जानेवारीला, उत्तरायण आणि वासी उत्तरायणाला, आपल्या गच्च्यांवरून पतंगांचे हजारो दोरे आकाशात जातात. नायलॉनच्या मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ साली बंदी घातली, पण काच लावलेला सुती दोराही पंख कापतोच. घारींची घरटी बांधण्याची वेळ नेमकी हीच असते. त्यामुळे झाडात अडकलेली, पिसं मोडलेली, चोचीला मार लागलेली घार किंवा शिक्रा या दिवसांत कुणाच्याही गच्चीत सापडू शकतो. अशा पक्ष्याकडे बघून "राहू दे, गरुडाचं असंच असतं, तो आपला आपण नवा होतो" म्हणणारी शिकली-सवरलेली माणसं मला भेटली आहेत. तो नवा होत नाही. मोडलेल्या पिसाचं खुंट जागेवर असेपर्यंत तिथे नवं पीस येत नाही; पुढच्या पीसगळीची वाट बघावी लागते, आणि तोवर त्याला कुणीतरी खाऊ घालावं लागतं. म्हणूनच जाणकार डॉक्टर मोडलेल्या दांड्यात दुसऱ्या पक्ष्याचं गळालेलं पीस बसवतात. बाज पाळणाऱ्यांची ही शतकांपूर्वीची युक्ती आहे.

असा पक्षी दिसला तर त्याच्यावर जाड टॉवेल टाका, पाय आणि नखं सांभाळून उचला, भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात अंधारात ठेवा. गुंतलेला मांजा ओढू नका. जवळून कापा आणि अंगाभोवतीचा तसाच राहू द्या. चोचीत पाणी ओतू नका, दूध-पोळी देऊ नका. १९६२ या क्रमांकावर पशुरुग्णवाहिका मिळते, आणि दरवर्षी जानेवारीत राज्य सरकारच्या करुणा अभियानात वनखात्याची उपचार केंद्रं सुरू असतात. बरा करून घरी ठेवायचा विचार मनात आणू नका. शिकारी पक्षी बाळगणं १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे.