बाळाचं दूध तांब्याच्या बाटलीत? अजिबात ठेवू नका

"थर्मास हे गोऱ्यांचं विष, तांब्याची बाटली हा ऋषींचा थर्मास" अशा मथळ्याचा एक मेसेज गेले काही महिने घराघरांतल्या ग्रुपवर फिरतोय. सोबत कमंडलू घेतलेल्या साधूचं चित्र आणि खाली "किमान दहा जणांना पाठवा". त्यातले दावे थोडक्यात असे: थर्मासची कल्पना इंग्रजांनी आपल्या सुरईवरून चोरली. थर्मासच्या आतल्या चकाकीत पारा असतो आणि निर्वात पोकळीतून घातक किरणं निघतात. तांब्याच्या बाटलीत काहीही चोवीस तास गरम किंवा थंड राहतं. आपले पूर्वज सगळे द्रवपदार्थ तांब्यातच ठेवायचे. आणि शेवटी, तांब्यात जे भराल ते औषध होतं, मग ते पाणी असो, ताक असो, लिंबूसरबत असो की तान्ह्या बाळाचं वरचं दूध. दूध तर म्हणे रात्रभर ठेवावं, त्याने बाळाची बुद्धी वाढते.

एरवी मी अशा मेसेजना उत्तर देत नाही. पण हा माझ्या भाचीपर्यंत पोचला. तिचं बाळ पाच महिन्यांचं आहे आणि घरात वरचं दूध सुरू करायची बोलणी चालली आहेत. "मावशी, बाटली आणलीय, दूध भरू का?" असं तिने विचारलं तेव्हा माझं डोकंच फिरलं. म्हणून शेवटचा दावा आधी घेते. बाकीचे दावे थोडे थांबले तरी चालेल.

लहान मुलांच्या यकृताचा एक आजार होता. वैद्यकीय पुस्तकांत त्याचं नावच "भारतीय बालयकृतकाठिण्य" अशा अर्थाचं आहे, कारण तो प्रामुख्याने आपल्याच मुलांत दिसायचा. सहा महिन्यांपासून चार-पाच वर्षांपर्यंतची मुलं, बहुतेक एक ते तीन वयातली. पोट फुगायचं, यकृत वाढून दगडासारखं कडक लागायचं, मग कावीळ, पोटात पाणी. एकदा आजार बळावला की मूल सहसा वाचायचं नाही. एकाच घरात पाठोपाठ दोन भावंडं गेल्याच्याही नोंदी आहेत.

या कोड्याची मोठी उकल आपल्या पुण्यात झाली. केईएम रुग्णालयातल्या डॉ. शीला भावे आणि डॉ. आनंद पंडित यांनी इंग्लंडच्या डॉ. स्टुअर्ट टॅनर यांच्याबरोबर काम केलं आणि १९८३ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा लेख आला. या मुलांच्या यकृतात तांबं प्रचंड प्रमाणात साठलेलं असायचं, हे आधीच माहीत होतं. ते येतं कुठून, हा प्रश्न होता. या मंडळींनी मुलांच्या आहाराची कसून चौकशी केली. आजारी मुलांना फार लवकर गाई-म्हशीचं दूध सुरू झालेलं होतं, आणि ते दूध तांब्या-पितळेच्या भांड्यात तापवलेलं, त्यातच ठेवलेलं असायचं.

इथे कुणी म्हणेल, दूध काही आंबट नाही, मग तांबं उतरेल कसं? उतरतं. दुधातलं केसीन हे प्रथिन तांब्याला धरून ठेवतं. साध्या पाण्यात जेवढं तांबं येईल त्याच्या कितीतरी पट दुधात येतं. दूध जितकं तापवाल आणि जितका वेळ त्या भांड्यात ठेवाल तितकं ते वाढत जातं. मोठ्या माणसाचं यकृत जास्तीचं तांबं पित्तावाटे बाहेर टाकतं. तान्ह्या बाळाची ती यंत्रणा पुरती तयार झालेली नसते, आणि जन्मतःच त्याच्या यकृतात तांब्याचा भरपूर साठा असतो. त्यात रोज वरून भर घालायची आणि त्याला औषध म्हणायचं?

हा फक्त आपल्याकडचा योगायोग म्हणून सोडून देता येणार नाही. ऑस्ट्रियाच्या टिरोल भागात १९०० ते १९७४ या काळात १३८ लहान मुलं अगदी अशाच आजाराने दगावल्याचं १९९६ मध्ये 'लॅन्सेट'मध्येच प्रसिद्ध झालं. तिथेही गाईचं दूध, तिथेही कल्हई नसलेली तांब्याची भांडी. भांडी बदलली आणि आजार गेला. सगळ्याच मुलांना तो होत नव्हता, त्यामुळे काही मुलांत आनुवंशिक कमजोरीही असावी असं डॉक्टर मानतात. पण आपल्या बाळात ती आहे की नाही हे बघायला दूध तांब्यात ठेवून पाहणार आहात का? आपल्याकडे घरोघरी स्टील आलं, दूध पितळेत ठेवू नका असं डॉक्टर सांगू लागले आणि हा आजार जवळजवळ दिसेनासा झाला. आजच्या तरुण आयांनी त्याचं नावही ऐकलेलं नाही, म्हणूनच असा मेसेज त्यांना खरा वाटतो. आणि पाच महिन्यांच्या बाळाला खरं तर आईचंच दूध पुरतं, तेव्हा वरच्या दुधाची घाईसुद्धा नको.

आता ताक, लिंबूसरबत आणि कोकम. इथे तर मेसेज लिहिणाऱ्याने आपल्याच आज्यांना खोटं पाडलंय. "ताक कळकलं" हे ज्या घरात कुणी ऐकलं नाही असं जुनं मराठी घर सापडणार नाही. कल्हई गेलेल्या पितळी पातेल्यात ताक किंवा चिंचेची आमटी राहिली की तिला हिरवट झाक यायची, तोंडात कडवट, कसंतरीच चव यायची, आणि आजी ते सरळ ओतून द्यायची. त्यासाठीच तर दारात कल्हईवाला यायचा. भात्याने निखारे फुलवायचा, भांडं तापवायचा, चिमूटभर नवसागर टाकून कापसाच्या बोळ्याने फिरवायचा. पांढरा धूर उठायचा. मग कथलाची कांडी टेकवली की ती वितळायची आणि बोळा फिरेल तिथे भांडं आतून चांदीसारखं उजळत जायचं. शेवटी पाण्यात चर्र. हा एवढा खटाटोप अन्नाला तांबं लागू नये म्हणून होता. बाहेरून तांबं, आतून कथील. आज विकत मिळणाऱ्या तांब्याच्या बाटलीला आतून कल्हई नसते, तोंड अरुंद म्हणून हात जात नाही, आत काय साचलंय ते दिसतही नाही. सरबत ठेवलेली अशी एखादी बाटली रिकामी करून झाकणाच्या आट्यांमध्ये बोट फिरवून पाहा, निळसर हिरवा थर बोटाला लागेल.

हे ज्ञान आपल्यापुरतंही नव्हतं. पहिल्या शतकात रोमच्या प्लिनीने लिहून ठेवलंय की तांब्याच्या भांड्यांना आतून कथील लावलं की चव चांगली राहते आणि हिरव्या कळकाचं विष आवरतं. अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनाच्या आदर्श अन्नसंहितेतही तेच आहे: ज्या पदार्थाचा पीएच ६ पेक्षा कमी, म्हणजे जो आंबट, त्याला तांब्याचा किंवा पितळेचा स्पर्श नको. व्हिनेगर आणि फळांचे रस ही उदाहरणं तिथे दिलेली आहेत. ताक, लिंबू, कोकम हे सगळे त्या रेषेच्या बरेच खाली येतात. आंबट पेयातून जास्त तांबं पोटात गेलं की मळमळ, उलट्या, पोटात मुरडा येतो. शाळेच्या दप्तरात दुपारपर्यंत तापलेलं सरबत मुलाला देऊन वर "औषधाने पोट साफ होतंय" असं समजणारी माणसं मी पाहिली आहेत.

"पूर्वज सगळं तांब्यातच ठेवायचे" हे वाक्य मला सगळ्यात जास्त खटकलं. पूर्वजांचा अभिमान सांगायचा आणि त्यांनी काय केलं ते बघायचंच नाही! तेल-तूप न्यायला चामड्याचा बुधला. पाणी वाहून आणायला पखाल. उन्हाळ्यात आगगाडीच्या खिडकीला टांगलेली कापडी छागल, जिच्यातून पाणी झिरपून वाऱ्यावर उडून जातं आणि आतलं गार होतं. त्याच तत्त्वावर मातीची सुरई. ताडी काढणाऱ्याकडे मडकं नाहीतर वाळवलेला भोपळा. संन्याशाचा कमंडलूसुद्धा बहुधा भोपळ्याचा, लाकडाचा किंवा नारळाचा. अत्तर काचेच्या कुपीत, लोणचं चिनी मातीच्या बरणीत, बंदुकीची दारू ओल लागू नये म्हणून शिंगात. आणि तांब्या-पितळेचा फिरकीचा तांब्या किंवा चंबू होता तो प्रवासात पाणी न्यायला, गंगाजळ ठेवायला. आत काय भरायचं त्यावर भांडं कशाचं ते ठरायचं.

जगात सगळीकडे लोकांनी आपापल्या गरजेप्रमाणे अशीच भांडी घडवली. इजिप्तमध्ये मेनास या ख्रिस्ती संताच्या समाधीला जाणारे यात्रेकरू पाचव्या ते सातव्या शतकात मातीच्या चपट्या छोट्या कुप्या घेऊन परतायचे, त्यावर दोन उंटांच्या मध्ये उभा असलेला संत साच्याने उठवलेला. आपण काशीहून गंगेची झारी आणतो तसंच. बाटली कुणी कुणाची चोरली हा प्रश्नच फिजूल आहे.

पाण्याबद्दल मात्र मेसेजमध्ये अर्धं सत्य आहे, ते मान्य करते. २०१२ मध्ये बंगळुरूच्या संशोधकांनी पाण्यात मुद्दाम पटकी, हगवण, विषमज्वर अशा रोगांचे जंतू सोडले आणि ते पाणी तांब्याच्या भांड्यात १६ तास ठेवलं. नंतर तपासलं तर वाढवता येतील असे जिवंत जंतू सापडले नाहीत. पाण्यात उतरलेलं तांबं लिटरला ०.२ मिलिग्रॅमपेक्षाही कमी होतं. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला २ मिलिग्रॅमची आहे. तेव्हा मोठ्यांनी रात्री तांब्याच्या भांड्यात साधं पाणी भरून सकाळी प्यायलं तर माझी काही तक्रार नाही. पण तो प्रयोग पाण्याचा होता. सरबताचा नव्हता, दुधाचा नव्हता, आणि त्यात मधुमेह किंवा सांधेदुखी बरी झाल्याचं कुठेही म्हटलेलं नाही.

राहिला थर्मास. तो १८९२ मध्ये जेम्स ड्युअर या स्कॉटिश शास्त्रज्ञाने लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये तयार केला. त्याला चहा गरम ठेवायचा नव्हता, अतिशय थंड द्रवरूप वायू उकळून जाऊ द्यायचे नव्हते. काचेच्या दोन भिंती, मधली हवा काढून टाकलेली, आणि आतल्या पृष्ठभागांवर चांदीचा मुलामा. हवा नाही म्हणून उष्णता वहनाने जात नाही, चकाकी आहे म्हणून किरणांच्या रूपाने जाणारी उष्णता परत फिरते. याच भांड्यांच्या जोरावर त्याने १८९८ मध्ये हायड्रोजन द्रवरूपात आणला. त्याने पेटंट घेतलं नाही. बर्लिनच्या राइनहोल्ड बर्गरने त्याला धातूचं कवच घालून बाजारात आणलं, ड्युअर कोर्टात गेला आणि हरला. चोरीबद्दल ओरडायचंच असेल तर ड्युअरने ओरडायला हवं. सुरईशी याचा संबंध नाही, उलट दोन्हींचं काम विरुद्ध आहे: सुरई पाणी बाहेर झिरपू देऊन गार होते, थर्मास काहीच आत-बाहेर जाऊ देत नाही.

पारा? नाही, मुलामा चांदीचा असतो आणि तो दोन भिंतींच्या मध्ये असतो, चहाला लागतच नाही. किरणं? रिकाम्या जागेतून किरणं उत्पन्न होत नाहीत, एवढंच. हां, काही जुन्या काचेच्या थर्मासमध्ये दोन भिंती एकमेकींना टेकू नयेत म्हणून ॲस्बेस्टॉसच्या छोट्या चकत्या असायच्या, आणि काही स्टीलच्या बाटल्यांच्या बुडाशी शिशाचा ठिपका असतो, वर स्टीलचं झाकण असलेला. दोन्ही पेयाच्या संपर्कात येत नाहीत. जुना काचेचा थर्मास फुटला तर मात्र तुकड्यांशी खेळू नका, ओल्या कापडात गुंडाळून टाकून द्या.

चोवीस तास गरम राहण्याचं म्हणाल तर तांबं हे उष्णता वाहून नेण्यात स्टेनलेस स्टीलच्या वीस-पंचवीसपट पुढे आहे. एकेरी भिंतीच्या तांब्याच्या बाटलीत उकळता चहा भरून हातात धरून बघा, लगेच कळेल.

आणि ज्याला मेसेज परकं म्हणतो तो थर्मास केव्हाच आपला झालाय. लोकांच्या पैशापैशाच्या वर्गणीतून उभा राहिलेला तळेगावचा पैसा फंड काच कारखाना १९०८ चा. पुढे त्याच तळेगावात ईगलचे थर्मास बनू लागले आणि आपल्या पिढीने दवाखान्यात, प्रवासात तेच वापरले. आज उरुळी कांचनच्या बाएफसारख्या, जनावरांच्या पैदाशीचं काम करणाऱ्या संस्थांचे लोक मोटारसायकलला जे भांडं बांधून गोठ्यावर येतात, त्यात उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये गाई-म्हशींच्या कृत्रिम रेतनासाठीच्या रेतमात्रा ठेवलेल्या असतात. ते भांडं म्हणजे ड्युअरचाच थर्मास, आणि तशी भांडी नाशकात बनतात.

भाचीला मी एवढंच सांगितलं. तांब्याची बाटली मोठ्यांच्या पाण्याला राहू दे, चिंच-मिठाने घासत जा. बाळाचं दूध त्यात नाही, आणि तयार करून थर्मासमध्येही नाही, कारण कोमट दुधात जंतू झपाट्याने वाढतात. बाहेर जाताना थर्मासमध्ये फक्त उकळलेलं गरम पाणी घ्यायचं. डॉक्टरांनी डब्याची पावडर दिलीच तर ती वेगळी न्यायची, लागेल तेव्हा त्या गरम पाण्यात कालवायची, गार करून लगेच पाजायची आणि उरलेलं फेकून द्यायचं.