तुझा डोंगर कुठला, पाणी कुठलं?

माझी लेक दहा वर्षांची आहे. इथे हवाईत, होनोलुलूला, ती गेली तीन वर्षं हुला, म्हणजे इथलं पारंपरिक नृत्य, शिकते. हुलाच्या शाळेला इथे हालाऊ म्हणतात आणि गुरूला कुमु. हालाऊत मुलं सरळ आत शिरत नाहीत. दाराबाहेर उभं राहून आत येऊ देण्याची विनंती करणारं पठण करायचं, आतून कुमुंचं उत्तर आलं की मग पाऊल टाकायचं. ऑगस्टमध्ये कुमुंनी मुलांना घरचा अभ्यास दिला: स्वतःची ओळख सांगायला शिका. नाव शेवटी. आधी तुझा डोंगर कुठला, पाणी कुठलं, पाऊस कुठला.

मी वाईची. डोंगर पांडवगड आणि पाणी कृष्णेचं, हे मी लगेच सांगितलं. लेकीचे डोळे चमकले, कारण हवाईयन भाषेत 'वाई' म्हणजेच गोडं पाणी. इथल्या वाईकीकी किनाऱ्याच्या नावातलं 'वाई' तेच. पण पावसापाशी मी अडले. इथे पावसाची दोनशेहून अधिक नावं आहेत आणि त्यातली कितीतरी एकेका जागेला बांधलेली आहेत. मानोआच्या खोऱ्यात पडतो तो तुआहिने, दुसऱ्या खोऱ्यातला दुसरा. आपले वळवाचा, मृगाचा, हस्ताचा हे सगळे काळाचे पाऊस. जागेचा पाऊस म्हणून मी आईला फोन केला. ती म्हणाली, "नाव कसलं गं! पसरणीच्या घाटावर काळं दिसलं की वाळवण उचलायचं, एवढं ठाऊक." लेकीने ते वाक्य जसंच्या तसं वहीत उतरवून घेतलं.

त्याच फोनवर भाऊ आला आणि नेहमीप्रमाणे आमचा वाद झाला. यंदा वादाला विषय पुष्कळ होते. सरकारने गणेशोत्सवाला राज्य महोत्सवाचा दर्जा दिला, त्यासाठी निधीची घोषणा केली. मिरवणुकीतल्या डीजेच्या भिंती आणि लेझरचे झोत यावर दोन तट पडलेले. त्याआधी पहिलीपासून हिंदीचा शासन निर्णय 16 एप्रिल 2025 रोजी निघाला, 17 जूनला सुधारून आला आणि 29 जूनला मागे घेतला गेला. मीरा रोडला मराठी बोलत नाही म्हणून एका दुकानदाराला मारल्याची चित्रफीत जुलैत माझ्यापर्यंतही पोचली. भावाचं म्हणणं, तू लांब राहून बोलतेस, इथे आमच्या पायाखालची जमीन सरकते आहे. त्याची कळकळ खरी आहे. पण ज्या लोकांच्या पायाखालची जमीन खरोखर गेली, त्यांच्यात मी राहते, आणि त्यांनी सण आणि भाषा कशी परत आणली ते रोज पाहते. म्हणून हे लिहिते आहे.

सप्टेंबरअखेरच्या शनिवारी आलोहा फेस्टिव्हल्सची पुष्पमिरवणूक निघाली, तेव्हा आपल्याकडे नवरात्र चालू होतं. हा उत्सव 1946 मध्ये 'आलोहा वीक' म्हणून सुरू झाला. हवाईयन परंपरा जपणं हा हेतू होता आणि पर्यटकांच्या मंद हंगामात गर्दी आणणं हाही होता. मिरवणूक आला मोआना उद्यानापासून निघते आणि वाईकीकीतल्या कालाकाऊआ रस्त्याने कापिओलानी उद्यानाकडे जाते. म्हणजे राजाच्या नावाच्या रस्त्यावरून राणीच्या नावाच्या बागेकडे. सन 1830 मध्ये राजघराण्यातल्या काआहुमानूने मिशनऱ्यांच्या प्रभावाखाली जाहीर हुलावर बंदी घातली होती. कालाकाऊआ राजाने 1883 मध्ये आपल्या राज्याभिषेकात तो मानाने परत आणला. त्याच्याच रस्त्यावर आज शाळकरी मुली नाचत जातात.

मला सर्वांत आवडतात त्या घोड्यांवरच्या बायका, पाऊ रायडर. पाऊ म्हणजे सुमारे बारा वार अखंड कापड. शिलाई न करता ते कमरेभोवती चुण्या घालून गुंडाळतात आणि कुकुईच्या बिया आत पीळ देऊन खोचतात, म्हणजे दौडतानाही सुटत नाही. आजीला काष्टा घालताना पाहिलेल्या कुणालाही त्या हातांची घाई ओळखीची वाटेल. प्रत्येक बेटाची एक स्वार, त्या बेटाचा रंग, त्या बेटाचं फूल. हवाई बेटाची लाल लेहुआ, माऊईची गुलाबी लोकेलानी. काहोओलावेचा रंग मात्र राखाडी, आणि तिथेच माझं मन दर वर्षी अडतं.

काहोओलावेवर आज कुणी वस्ती करत नाही. अमेरिकी सैन्याने 1941 मध्ये हे बेट ताब्यात घेतलं आणि जवळजवळ पन्नास वर्षं त्यावर सरावाचे बाँब टाकले. सन 1976 मध्ये काही हवाईयन तरुण बंदी मोडून तिथे उतरले. पुढच्या वर्षी त्यांच्यातले जॉर्ज हेल्म आणि किमो मिचेल समुद्रात नाहीसे झाले. बाँबफेक 1990 मध्ये थांबली. पण त्याच्या आधीच, 1982 मध्ये, या लोकांनी तिथे मकाहिकी पुन्हा सुरू केला होता.

मकाहिकी हा हवाईचा जुना, खरा शरदोत्सव. सूर्य मावळताना पूर्वेला मकालीई उगवू लागली की तो सुरू होतो. मकालीई म्हणजे आपल्या कृत्तिका. ज्यांच्यावरून कार्तिकाला नाव मिळालं त्याच तारका, आणि काळही साधारण तोच. चार महिने युद्ध बंद, बरेचसे कष्ट बंद, मल्लयुद्ध आणि खेळ चालू. देव लोनो: पावसाचा, पिकाचा, शांततेचा. त्याचं प्रतीक म्हणजे उंच काठी, तिला आडवी दांडी, दांडीवर लोंबणारं पांढरं वल्कलवस्त्र, पिसं आणि नेच्यांच्या माळा. मला पहिल्यांदा चित्र दाखवलं तेव्हा मी गुढीच म्हणाले होते, जोतिबाची सासनकाठीही आठवली. ती काठी बेटाभोवती उजवीकडे जमीन ठेवून फिरवत. ही प्रदक्षिणाच.

माझी एक सहकारी नोव्हेंबरमध्ये काहोओलावेला जाते. धक्का नाही, त्यामुळे होडीतून पाण्यात उतरायचं आणि सामान हातोहात किनाऱ्यावर न्यायचं. वाट सोडायची नाही, कारण न फुटलेले बाँब अजून जमिनीत आहेत. उजाड, लाल मातीच्या बेटावर लोनोला केळीची, तारोच्या, म्हणजे अळूच्या, कंदांची भेट ठेवायची आणि पाऊस मागायचा, कारण पाऊस आला तर लावलेली रोपं जगतील. ना मंच, ना प्रायोजक, ना प्रेक्षक. तिने हे सांगितलं तेव्हा मला आमचा कृष्णाबाईचा उत्सव आठवला, वाईच्या घाटाघाटांवर आळीपाळीने होणारा.

वाईकीकीची मिरवणूक खोटी आणि काहोओलावे खरं, असं मी म्हणत नाही. मिरवणुकीचं पाहून कितीतरी मुली हालाऊत नाव घालतात. पण मिरवणुकीला अर्थ येतो तो उरलेल्या 364 दिवसांमुळे, दर मंगळवारी दारात उभं राहून परवानगी मागणाऱ्या मुलांमुळे. राज्य महोत्सवाचा निधी मंचावर, रोषणाईवर गेला तर वर्षभरात संपेल. तो भजनी मंडळाच्या पेटीमास्तरांना, ढोल शिकवणाऱ्याला, भोंडल्याची गाणी पाठ असणाऱ्या बायकांना शाळेत बोलावून मानधन देण्यावर गेला, तर मी भावाशी वाद घालणार नाही.

भाषेचंही तेच. तेव्हा स्वतंत्र असलेल्या हवाईच्या राणीला 17 जानेवारी 1893 रोजी पदच्युत केलं. टिळकांनी पुण्यात सार्वजनिक गणेशोत्सवाला जोर दिला तेच हे साल. आपल्याकडे उत्सव लोकांचा होत होता, इथे देशच लोकांच्या हातून जात होता. मग 1896 च्या कायद्याने शाळेतून हवाईयन भाषा काढली. ती 1978 मध्ये राज्यघटनेत अधिकृत झाली, पण तोवर ती सहज बोलणारी मुलं जेमतेम काही डझन उरली होती, आणि शाळेतली जुनी आडकाठी कागदावर तशीच होती. ती 1986 मध्ये हटली, ती पालकांनी रेटा लावला म्हणून. भाषेच्या काही शिक्षकांनी 1983 मध्ये 'पूनाना लेओ' ही संस्था काढली, म्हणजे आवाजाचं घरटं. पुढल्या वर्षी काऊआई बेटावर पहिली बालवाडी उघडली. अट अशी की आईबापांनीही भाषा शिकायची आणि शाळेत कामाचे तास द्यायचे. भाषा आधी आपल्या घरात, आपल्या मुलाच्या तोंडी.

मराठीची गत हवाईयनसारखी नाही, आणि तसं रडगाणं गाणं अप्रामाणिकपणाचं होईल. 2011 च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे आठ कोटींहून अधिक होते. पहिलीतली तिसरी भाषा रद्द झाली हे मला मनापासून पटलं. अभिजात दर्जा मिळाला, आनंद झाला. पण दुकानदाराच्या थोबाडीत मारून कुठल्या मुलाला मराठी वाचावीशी वाटेल? ज्या जोमाने आपण पाटीवरची मराठी मोजतो, त्या जोमाने गावची मराठी शाळा पटसंख्येअभावी बंद होताना तिथे नाव घालायला का जात नाही? भावाची दोन्ही मुलं इंग्रजी माध्यमात आहेत. मी त्याला दोष देऊ शकत नाही, माझी लेकही मराठी अडखळत वाचते. म्हणून हा प्रश्न मी आम्हा दोघांना विचारते आहे.

मला इथे कुणी हवाईयन बोलायची सक्ती केली नाही. मी पाहुणी आहे आणि पाहुणीच राहणार. इथल्या घरांच्या किमतींमुळे निम्म्याहून अधिक मूळ हवाईयन आज बेटांबाहेर राहतात, आणि माझ्यासारख्यांचं येणं त्या किमतींच्या हिशेबात आहे हे मला बोचतं. मुंबईच्या कोळीवाड्यांत हे वेगळं सांगावं लागणार नाही. मी भाषा शिकू लागले, कारण लेकीच्या कुमुंनी मला दारात थांबवून पठणाचा अर्थ सांगितला, आणि उत्तर मिळेपर्यंत थांबायला शिकवलं.

नोव्हेंबरच्या मध्यावर हालाऊची मुलं संध्याकाळी मकालीई बघायला जातील. तिथे प्रत्येकाने आपली ओळख सांगायची आहे. लेकीची तयार झाली आहे: पांडवगड, कृष्णा, पसरणीच्या घाटावरून येणारा पाऊस. वाक्यं हवाईयनमध्ये आहेत. फक्त 'वाळवण' या शब्दाला तिला प्रतिशब्द सापडेना. कुमु म्हणाल्या, शोधू नकोस, आजी म्हणते तसाच म्हण. आता ती रोज संध्याकाळी वाईला फोन लावते आणि आई तिच्याकडून तो 'ळ' घोटून घेते.