सचिनचं कोपर आणि माझे नारळ

फिजिओथेरपीच्या फॉर्मवर रकाना होता, 'कोणता खेळ खेळता?' मी रेघ मारली. काउंटरवरच्या मुलीनं फॉर्म परत दिला. "मॅडम, टेनिस एल्बो आहे ना? मग काहीतरी लिहा." मी 'मोदक' लिहिलं.

गणपतीला सात नारळ एका बैठकीत खवले, हाच माझा क्रीडाप्रकार. दोन दिवसांनी चहाचा कप उचलताना कोपराच्या बाहेरच्या हाडापाशी अशी कळ आली की कप खाली.

तर हाताला पॅड चिकटवून, करंटच्या मुंग्या मोजत पडले होते. शेजारच्या कॉटवर एक काका गुडघा शेकत होते. मध्ये नुसता पडदा.

"टेनिस खेळता?" पडदा म्हणाला.

"नाही. नारळ खवले."

जरा वेळ शांतता. "पण हे सचिनला झालं होतं."

"हो."

"2004 ला! पुढच्या वर्षी लंडनला ऑपरेशन. बॅट जड होती हो त्याची. तुमची विळी केवढी?"

"विळीवर बसतात, काका. उचलत नाहीत."

"मग हात कसा दुखेल?" आता पडदाच सरकला. "कुठला हात?"

"उजवा."

"सचिनचा डावा होता." टीसीला दुसऱ्याच्या पासवर फिरणारा सापडावा, तसे बघत होते माझ्याकडे.

घरी येऊन रागारागानं वाचून काढलं. 1873 साली एका जर्मन डॉक्टरानं हे दुखणं लिहिणाऱ्यांच्या हाताचं म्हणून नोंदवलं होतं. मग दहाएक वर्षांत साहेब लोक लॉन टेनिस खेळून कोपर चोळत आले आणि स्वतःचं नाव लावून गेले. खरं तर बहुतेक रुग्णांनी रॅकेट हातातही धरलेली नसते. मनगट मागे उचलणारे स्नायू कोपराच्या त्या हाडाला बांधलेले असतात. कवड दाबून फिरवा नाहीतर ओली चादर पिळा, ताण तिथंच. पण खेळाडूला होते ती दुखापत, आणि आम्हाला होतं ते दुखणं. दुखापतीची बातमी येते. दुखण्याला 'बाम लाव' म्हणतात.

थेरपिस्ट पोरगी गोड होती. हात टेबलावर, तळवा खाली, अर्ध्या किलोचं डंबेल सावकाश खाली सोडायचं, पंधरा वेळा, असं तीनदा. "आणि पिळणं, खवणं, बादली उचलणं सध्या बंद हं." म्हटलं, बाई गं, हे लेटरहेडवर लिहून दे, सही-शिक्क्यासकट.

निघताना काकांना न्यायला काकू आल्या. काकांची पिशवी, पाण्याची बाटली, एक्स-रेचं पाकीट सगळं डाव्या हातात, उजव्या कोपराला क्रेप बँडेज.

"काकूंनाही टेनिस एल्बो?" मी विचारलं.

"छे!" काका चप्पल शोधत म्हणाले. "हिचा हात कपडे पिळून दुखतो."