गार्सिया द ओर्ताला जिवंत जाळलं नव्हतं

तोच मजकूर या आठवड्यात तिसऱ्यांदा आला. वर पणजीच्या चर्चसमोरच्या, ओर्ताच्या नावाच्या बागेचा फोटो आणि खाली हे: ‘गार्सिया द ओर्ता. लिस्बन विद्यापीठाने हाकललेला वैद्यकाचा प्राध्यापक. भारतात येऊन मुंबईचा मालक झाला. आपल्या वैद्यांचं ज्ञान चोरून भारतातलं पहिलं छापील पुस्तक काढलं. शेवटी इन्क्विझिशनने त्याला गोव्यात जिवंत जाळलं.’ ओर्ता हा सोळाव्या शतकातला पोर्तुगीज डॉक्टर, आणि इन्क्विझिशन म्हणजे ख्रिस्ती धर्मापासून ढळलेल्यांना शिक्षा करणारं धर्मन्यायालय. एवढ्याशा मजकुरातली जवळजवळ प्रत्येक ओळ चुकीची आहे. त्यातली शेवटची मला सहनच होत नाही, कारण तिच्यामुळे एक बाई इतिहासातून पुसली जाते.

आधी विद्यापीठाचं बघू. ओर्ता स्पेनमधल्या सालामांका आणि अल्काला इथे शिकला. १५२६ मध्ये त्याला पोर्तुगालमध्ये वैद्यकी करण्याचा परवाना मिळाला. लिस्बनला तो शिकवायचा ते निसर्गतत्त्वज्ञान, वैद्यक नव्हे. त्याला हाकलल्याचं म्हणाल, तर १५३३ मध्ये त्याची विद्यापीठाच्या कारभारी मंडळावर निवड झाली होती. पुढच्याच मार्चमध्ये तो मार्तिम अफोन्सो द सोझा या पोर्तुगीज सरदाराच्या ताफ्यातून निघाला आणि सप्टेंबर १५३४ मध्ये गोव्याला उतरला. त्याचे आईवडील स्पेनमधून घालवलेले ज्यू. १४९७ मध्ये पोर्तुगालने सगळ्या ज्यूंना सक्तीने बाप्तिस्मा दिला, त्यात तेही आले. तो निघाल्यावर दोनच वर्षांत पोर्तुगालमध्ये इन्क्विझिशन सुरू झालं. अशा घरातला माणूस हातातली प्राध्यापकी सोडून जहाजावर का चढला, हे समजायला बडतर्फीची गोष्ट रचायची गरज नाही.

‘मुंबईचा मालक’ यात थोडं तथ्य आहे. १५३४ च्या अखेरीस गुजरातच्या बहादूरशहाने वसई आणि आजूबाजूचा मुलूख पोर्तुगीजांना दिला, त्यात मुंबई होती. पुढे ते बेट ओर्ताला पोर्तुगालच्या राजाकडून दरसाल ठरावीक सारा भरण्याच्या बोलीवर मिळालं. बेट राजाचं आणि हा खातेदार. आपल्या पुस्तकात तो या बेटावरच्या एका आंब्याच्या झाडाबद्दल मोठ्या कौतुकाने सांगतो, कारण ते वर्षातून दोनदा फळायचं.

पहिलं छापील पुस्तक? नाही. गोव्यात छापखाना १५५६ मध्येच आला आणि लगेच कामाला लागला. ओर्ताचे औषधी द्रव्यांवरचे ‘कोलोक्युश’, म्हणजे संवाद, १० एप्रिल १५६३ चे.

आता चोरीचा आरोप. हे पुस्तक मी इंग्रजी भाषांतरात वाचलंय. ओर्ता आणि स्पेनहून आलेला रुआनो नावाचा काल्पनिक डॉक्टर यांच्या गप्पा, असं त्याचं रूप आहे. मधूनच मोलकरीण आंतोनिया हाक मारली की झाडपाला घेऊन येते, मालुपा नावाचा हिंदू वैद्य येऊन बोलतो. ज्याच्याकडून चोरलं त्यालाच कुणी पुस्तकात बोलायला बसवत नाही. ओर्ता उघड सांगतो की मी आधी माझी औषधं देऊन बघतो, गुण आला नाही तर इथल्या ब्राह्मणांची घेतो. इथल्या वैद्यांना शरीररचना कळत नाही, असंही तो तुच्छतेने लिहितो. त्याबद्दल त्याला खुशाल दोष द्या, मीही देते. पण ऐकलेलं त्याने लपवलेलं नाही.

याचा माझ्या दृष्टीने सगळ्यात मोठा पुरावा एका शब्दात आहे. आजी आम्हाला उन्हातून येऊन हावऱ्यासारखं खाल्लं की ओरडायची, “मोडशी होईल!” ओर्ताच्या संवादात एका रोगाचं वर्णन येतं. नाडी बुडते, अंग गार पडून थंड घाम सुटतो, डोळे खोल जातात, पायात गोळे येतात, तहान भागत नाही. बहुतेक रोगी २४ तासांत जातो. हा पटकीचा, म्हणजे कॉलऱ्याचा आजार, आणि युरोपीय डॉक्टरने आशियातल्या पटकीचं इतकं नेमकं वर्णन छापल्याचं हे पहिलंच उदाहरण मानलं जातं. या रोगाचं लॅटिन नाव देऊन झाल्यावर ओर्ता सांगतो, इथले लोक याला ‘मोर्शी’ म्हणतात आणि आम्ही पोर्तुगीज त्याचं ‘मोर्देशी’ करून टाकतो. आजीची मोडशी! आपले लोक बरोबर म्हणतात आणि आपण शब्द बिघडवतो, हे त्याने स्वतःहून लिहून ठेवलंय.

राहिलं जिवंत जाळणं. ओर्ता १५६८ मध्ये गोव्यात वारला. गोव्यातलं इन्क्विझिशन १५६० पासून चालू होतं, पण तो हयात असेपर्यंत त्याला हात लागला नाही. त्याच्या बहिणी १५४९ मध्ये आईबरोबर गोव्याला आल्या होत्या. त्यांतल्या कातारिनाला तो गेल्यावर पकडलं. छुपेपणाने ज्यू धर्म पाळल्याचा ठपका ठेवून २५ ऑक्टोबर १५६९ रोजी तिला गोव्यात जाळलं. जिवाने गेली ती ही. भाऊ मनातून ज्यूच होता, अशी साक्ष घरच्यांच्याच तोंडून निघाली. मग १५८० मध्ये, मरून १२ वर्षं झालेल्या ओर्ताची हाडं उकरून काढली आणि ती जाळली.

मजकूर लिहिणाऱ्याने या दोन घटना एकत्र करून टाकल्या आहेत. भावाच्या नावाची बाग आहे, म्हणून आगीतही भाऊच दिसला असेल. मजकूर पुढे पाठवायचाच असेल, तर त्या शेवटच्या ओळीत ‘ओर्ता’ खोडून ‘त्याची बहीण कातारिना’ लिहा आणि मग पाठवा.