निळी चिंधी

आजोबांची एकनळी बारा बोअर बंदूक माझ्या नावावर झाली तेव्हा वाटलं आता आपण काजूच्या बागेत रुबाबात फिरणार, डुकरं आपल्याला बघून वाट बदलणार. पण पीक संरक्षणाच्या लायसनची बंदूक बागेत कमी आणि पोलीस स्टेशनात जास्त असते हो, निवडणूक लागली की जमा करा. 2024 ला तर लोकसभा आणि विधानसभा एकाच वर्षात, मध्ये आमचा कोकणातला पाऊस, त्यामुळे शेवटी घरी आली ती पडवीत विसरलेल्या विळीसारखी. मोडून (म्हणजे काडतूस भरायला बिजागरीवर उघडतात तशी उघडून) नळीतून उजेडाकडे बघितलं तर उजेडच दिसेना.

साफ कशाने करायची हे चारचौघांत विचारायचं नसतं, मी विचारलं. शेजारचे तात्या म्हणाले, "रॉकेल घाल रे, बाकी सगळां थोतांड." पण रेशनचं रॉकेल बघून किती वर्षं झाली! आईचं म्हणणं खोबरेल लाव (तिच्या मते केस, बिजागरी आणि बंदूक, तिघांना खोबरेलच). हार्डवेअरवाल्याने थिनर पुढे केला, त्याचा थेंब दस्त्यावर सांडला असता तर आजोबांचं पॉलिश गेलं असतं, म्हणून नको म्हटलं. घरात डब्ल्यूडी-40 होतं, पण ते मुळात ओल हटवायला बनवलेलं, नळीला चिकटलेलं शिसं आणि काडतुसातल्या प्लास्टिकच्या वॉडचा (छर्‍यांमागच्या बुचाचा) थर त्याला काही हलेना.

मग ऑनलाइन शिरलो. तिकडे अमेरिकेत 1903 पासून हॉपीज नंबर नाइन नावाचं सॉल्व्हंट आहे आणि लोक त्याचा वास अत्तरासारखा घेतात म्हणे. मी मात्र अतिशहाणपणा करून कॉपर रिमूव्हर मागवलं, कारण रिव्ह्यूत लिहिलेलं की चिंधी निळी आली की समजा घाण निघतेय. मला असा रोखठोक पुरावा आवडतो.

बाटली उघडली तर अमोनियाचा असा भपकारा की मांजर घर सोडून गेलं आणि बायको नाकाला पदर लावून म्हणाली, "हे बाहेर, नाहीतर मी बाहेर." अंगणात बसलो. पितळी ब्रश बुडवला, नळीत फिरवला, चिंधी ओढली, निळी! परत ब्रश, परत निळी! दुपारपर्यंत अठरा चिंध्या झाल्या, आईचं जुनं लुगडं संपत आलं, निळा काही कमी होईना, मला तर आजोबांनी नळीत तांब्याची खाण ठेवलीय असंच वाटायला लागलं.

संध्याकाळी मराठा लाइट इन्फंट्रीतून रिटायर झालेले काका आले.

"छर्‍याच्या काडतुसात तांबं कुठलं रे? ते रायफलच्या गोळीवर असतं."

"मग हे निळं?"

काकांनी ब्रश उचलून माझ्यासमोर धरला. अर्धा टकला झाला होता, पितळेतलं तांबं चिंध्यांवर उतरलेलं. दिवसभर मी नळी नाही, ब्रश धूत होतो.

मग ते जुन्या थ्री नॉट थ्री रायफलवर आले, जुन्या काडतुसांचे क्षार नळीत राहायचे म्हणून उकळतं पाणी ओतायचो वगैरे, चहा दोनदा झाला. शेवटी पेंटिंगमधून उरलेलं टर्पेंटाइन निघालं. चिंधी भिजवून फिरवली, थोडा वेळ मुरू दिलं, नवीन ब्रश, कोरडी चिंधी, वर पातळ तेलाचा हात. नळी अशी चकाकली की मीच चारदा बघितलं.

आठच दिवसांत झेडपीची आचारसंहिता लागली. बंदूक घेऊन गेलो, हवालदारसाहेबांनी ती मोडून नळीतून ट्यूबलाइटकडे बघितलं आणि म्हणाले, "वापरत नाही वाटतं तुम्ही?"