पारा चढला म्हणून नदी मेली?

नदीत मेलेले मासे तरंगले की दुसऱ्या दिवशी ठरलेलं कारण ऐकू येतं: हवामान बदल. कारण खोटं नाही. पण त्याच्या आडोशाला काठावरची सगळी मंडळी सुखाने लपतात, आणि माझं डोकं फिरतं ते तिथे.

उष्णतेचं गणित सरळ आहे. 10 अंश सेल्सिअसला एक लिटर गोड्या पाण्यात साधारण 11 मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळतो, 30 अंशांना जेमतेम साडेसात. त्यात पाणी तापलं की माशांना ऑक्सिजन जास्त लागतो. गरज वाढते तेव्हाच पुरवठा आटतो.

आता याच पाण्यात शेतातलं नत्र-स्फुरद आणि शहराचं मैलापाणी सोडा. शेवाळ फोफावतं. दिवसा ते ऑक्सिजन सोडतं, त्यामुळे दुपारी नमुना घेतला तर आकडे झकास येतात. रात्री मात्र तेच शेवाळ, आणि कुजका गाळ, ऑक्सिजन ओढत राहतात. पहाटे पातळी तळाला जाते, मासे वर येऊन धापा टाकतात. त्या वेळी बाटली घेऊन काठावर कोण उभं असतं? कार्यालयीन वेळेत तपासलेली नदी बरेचदा ठणठणीतच निघते!

2022 च्या उन्हाळ्यात पोलंड-जर्मनीच्या ओडर नदीत शेकडो टन मासे मेले. ऊन कडक होतं, पाणी घटलं होतं, सगळं खरं. पण मासे मेले ते सोनेरी शेवाळाच्या विषाने, आणि हे शेवाळ मुळात मचूळ पाण्यातलं. गोड्या नदीत त्याला एवढं मीठ मिळालं कुठून? उद्योगांच्या, त्यातही खाणींच्या, खारट सांडपाण्यातून. ते मीठ काही सूर्याने ओतलं नव्हतं.

जमिनीचंही तेच. हवा एका अंशाने तापली की सुमारे 7 टक्के जास्त बाष्प धरते, म्हणून पाऊस कोसळतो तेव्हा धो धो कोसळतो. खाली झाडोरा असेल तर त्यातलं बरंच पाणी मुरतं आणि पुढे कोरड्या दिवसांत झऱ्यांतून गारगार नदीत येतं. खाली डांबर असेल तर तापलेल्या रस्त्यावरचं तेल, धूळ आणि उष्णता घेऊन तासाभरात नदीत. वर पुराचं खापर ढगावर फोडायला आपण मोकळे.

आणि काठ? छोट्या ओढ्यावर झाडांची सावली असली तर उन्हाळ्यात पाणी काही अंशांनी थंड राहतं. मुळं माती धरतात, शेतातला गाळ अडवतात. ही झाडी तोडून दोन्ही बाजूंना काँक्रीटच्या भिंती बांधायच्या आणि त्याला सुशोभीकरण म्हणायचं, यासारखा उफराटा कारभार मी दुसरा पाहिला नाही.

काठाला झाडं लावून हिमनद्या वाचणार नाहीत, मान्य. कोळसा-तेल जाळणं कमी करावंच लागेल, आणि त्याचा गुण दिसायला दशकं जातील. ओढ्याकाठची झाडी त्याच्या कितीतरी आधी सावली धरते. तपासणी पहाटे करायला तर तेवढीही वाट बघावी लागत नाही.